फळ्यावर आलंय का?

अप्पा खडू पाण्यात भिजवून लिहायचे. कोरड्या खडूनं लिहिलेलं उदगीरच्या उन्हात अकरानंतर दिसत नाही. भिजवलेल्या खडूचं वाळलं की पांढरंशुभ्र उठतं, पण ते नुसत्या फडक्यानं पुसलं जात नाही, पाणी घेऊन घासावं लागतं. "तेच बरं हाय," अप्पा म्हणायचे, "लिवायच्या आधी मानूस दोनदा थांबतंय." त्यांनी शेवटचं लिहिलेलं अजून फळ्यावर आहे. अप्पा गेल्यापासून दुकान बंद असतं, फळ्यावर धूळ बसलीय, पण पाणी मारून घासायला कुणी गेलेलं नाही. ते काय आहे ते मी सांगणारच आहे, पण आधी अप्पा सांगितले पाहिजेत.

नाव गुरुलिंगअप्पा, पण सगळं गाव 'फळ्याचे अप्पा' म्हणायचं. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं रेडिओ-घड्याळं दुरुस्तीचं दुकान आणि त्याला खेटून आमचं बांगड्यांचं. मी कासाराची सून. या दुकानात बसायला लागले तेव्हा वीस वर्षांची होते, आता बांगडीचं माप बघायला चष्मा लागतो. एवढी सगळी वर्षं अप्पा माझ्या डाव्या हाताला, मधे एक पत्रा. ते खोकले तर मला कळायचं आणि माझं गिऱ्हाइकाशी वाजलं तर त्यांना. "सुमन, आज आवाज चढलाय," एवढं पत्र्यापलीकडून आलं की मी चूप. आता टोकणारं कुणी नाही, त्यामुळं आवाज चढतच चाललाय असं घरचे म्हणतात. म्हणू देत.

रेडिओ दुरुस्ती हे पाटीवर होतं. खरं तर गेली काही वर्षं मिक्सर, टेबलफॅन आणि देवघरात ठेवायच्या मंत्र म्हणणाऱ्या डब्या, हेच यायचं. स्वतःचा रेडिओ मात्र अप्पांनी कधी बंद पडू दिला नाही. सकाळी आठला दुकान उघडायचं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा सदरा, धोतर. साडेआठच्या बातम्या रेडिओवर ऐकायच्या, एक पेपर वाचायचा, दोन-चार फोन लावायचे आणि साडेनऊला वाटीत खडू बुडवून फळ्यासमोर उभं राहायचं. फळा दाराला लागून, चांगला पुरुषभर रुंद. दर पाडव्याला ते तो स्वतः काळा करत. रेडिओच्या संपलेल्या सेलमधली काळी पूड आणि वालाच्या पाल्याचा रस कालवून हातानं लावायचे, आणि मग दोन दिवस त्यांची बोटं काळीच. आमच्या सासूबाई म्हणायच्या, हे गडी पाडव्याला गुढीच्या आधी फळ्याची पूजा करतंय.

फळ्यावर काय असायचं? नळाला पाणी कधी सुटणार, सोयाबीन काय भावानं चाललं, हैदराबादची गाडी किती वाजता, कोण वारलं, मग देश, मग जग. सगळं मिळून सात-आठ ओळी. पण वर डाव्या कोपऱ्यात एक चौकोन आखलेला होता, त्यात आधी लिहायचे : 'कालची चूक'. काल फळ्यावर काही चुकलं असेल तर ते आज सगळ्यात वर, बातमीपेक्षा मोठ्या अक्षरात. 'कालची चूक : पाणी सोमवारी सुटेल असे लिहिले होते. मंगळवारी सुटले. ज्यांनी भांडी रिकामी केली त्यांची क्षमा.' आणि काही चुकलं नसेल तर, 'कालची चूक : आढळली नाही.' मी एकदा म्हणाले, अप्पा, सरळ 'नाही' लिहा की. ते म्हणाले, "न्हाई मननारा मी कोन? मला घावली न्हाई, एवढंच."

आणि फळ्यावर 'मी' हा शब्द कधी यायचा नाही. 'असे समजते', 'असे कळवले', 'असे रेडिओवर सांगितले'. लिहिणाऱ्यानं बातमीत येऊन उभं राहू नये असं त्यांचं म्हणणं.

कुणी बातमी घेऊन आलं की त्यांचा एकच प्रश्न, मान वर न करता, हातातला स्क्रू फिरवत : "कुणी बघितलं?" वडील निजामाच्या कचेरीत होते, त्यामुळं तोंडात तहकीकात, तसल्ली असले शब्द. "आदी तहकीकात, मग फळा." घरी कानडी बोलायचे, तिथंही हेच. काकी, म्हणजे अप्पांची बायको, सांगत, शेजारीण रुसून माहेरी गेली म्हणे, एवढं बोलायची सोय नाही, लगेच "यारु नोडिदरु?" कुणी बघितलं? काकी कपाळाला हात लावून म्हणायच्या, ह्या घरात जन्मभर एक चहाडी रंगली नाही बघ.

एकदा आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक दिगंबरभाऊ यांचा वाढदिवस होता. कार्यकर्त्यांनी अप्पांना चिठ्ठी आणून दिली : कार्यसम्राट, जनतेच्या हृदयातले, आणखी काय काय. अप्पांनी फळ्यावर लिहिलं, 'माजी नगरसेवक दिगंबरभाऊ यांचा आज वाढदिवस आहे, असे त्यांनी कळवले.' भाऊ तणतणत आले.

"अप्पा, 'असे त्यांनी कळवले' कामून लिवलं?"

"मग कोन कळवलं? मी काय तुमच्या बारशाला होतो?"

मी बांगड्यांच्या पेटीत तोंड घालून हसले. भाऊंनाही शेवटी हसू आलं, पण त्यांनी ते लक्षात ठेवलं असणार. राजकारणातली माणसं हसलेलं विसरतात, हसं झालेलं विसरत नाहीत.

हे सगळं वाचून अप्पा जन्मापासून असेच काटेकोर होते असं वाटेल. नव्हते. तो चौकोन फळ्यावर पूर्वी नव्हता. तो कसा आला ते मी बघितलंय.

कारगिलची लढाई चालू होती त्या वर्षी. माझं लग्न नवं, हातातला चुडा अजून उतरला नव्हता. एका दुपारी बसस्टँडवरचा चहावाला पळत आला, म्हणाला, मिलिटरीची गाडी आलीय, धोंडवाडीचा रस्ता विचारून राहिलेत. धोंडवाडी इथून दहा-बारा किलोमीटर, आणि त्या गावात फौजी एकच, व्यंकट जाधव. लढाईच्या दिवसात मिलिटरीची गाडी घराचा रस्ता विचारते म्हणजे काय असणार? अप्पांनी हिशेब मनात केला, खडू उचलला आणि लिहून टाकलं, 'धोंडवाडीचे जवान व्यंकट जाधव शहीद.' लोक जमले, कुणी टोपी काढली, कुणी रडलं. एक जीपवाला ते वाचून तसाच गाडी काढून धोंडवाडीला गेला.

मिलिटरीची गाडी वाट चुकली होती. जीपवाल्याची बातमी तिच्या आधी तासभर पोचली. त्या तासात भावकीतल्या बायांनी व्यंकटच्या बायकोचं कुंकू पुसलं आणि उंबऱ्यावर हात ठेवून दगडानं बांगड्या फोडल्या. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण हे वाढवणं नव्हतं, फोडणंच होतं. आणि मग मिलिटरीची गाडी आली, दोन जवान उतरले आणि सांगू लागले की व्यंकटच्या पायाला गोळी लागलीय, दवाखान्यात आहे, काळजी करू नका, बरा होईल.

दुसऱ्या दिवशी ती बाई उदगीरला आली. इंदरबाई तिचं नाव. माझ्याच वयाची, कडेवर वर्षाचं पोरगं, मनगटं मोकळी, काचेनं कापलेल्याच्या लाल रेघा. ती आधी माझ्याकडं आली नाही. अप्पांच्या दुकानासमोर उभी राहिली. शिव्या देईल, दगड घालील, असं वाटून मी उठून उभी राहिले. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमी बघितलं व्हतं का?"

अप्पांनी हातातला रेडिओ बाजूला ठेवला.

"बघितलं नव्हतं, मंग लिवलं कसं?"

तेवढं बोलून ती माझ्या दुकानात आली आणि हात पुढं केला. नवरा दवाखान्यात असताना आज भरू नकोस, दिवस बघून भर, असं सासूबाई म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. हिरव्या बांगड्या, दोन्ही हात भरून, आणि त्या लाल रेघा चुकवता चुकवता दोन बांगड्या चढवतानाच वाढवल्या. बाहेर अप्पा फळा पाण्यानं घासत होते. मग त्यांनी वर कोपऱ्यात चौकोन आखला आणि लिहिलं, 'कालची चूक : व्यंकट जाधव जिवंत आहेत. न बघता लिहिले.' तेव्हापासून चौकोन राहिला आणि तिचा प्रश्न अप्पांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे.

इंदरबाई पुढं माझ्याकडंच बांगड्या भरायची. येताना फळा वाचायची, एक एक अक्षर जुळवत. चौथीपर्यंत शिकलेली. अप्पा तिच्याकडं बघायचे नाहीत, ती अप्पांशी बोलायची नाही. तिनं माफ केलं का नाही ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. व्यंकट पाय ओढत घरी आला, पुढं निवृत्त होऊन लातूरला एका एटीएमवर वॉचमन झाला. आणि ते कडेवरचं पोरगं, बालाजी, तेही फौजेत गेलं. मागच्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा बालाजी तिकडंच होता. घरी बायको अश्विनी, लग्नाला वर्ष झालेलं.

ते चार दिवस विसरणार नाही. आमच्यापासून सीमा कुठं अन् आम्ही कुठं, पण समोरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर दिवसभर भोंगा वाजत होता. खरा भोंगा नव्हे, चॅनेलवाले तो आवाज स्टुडिओत लावत होते. माझ्या एका गिऱ्हाइकानं घाबरून हात ओढला आणि अर्धा डझन माझ्या मांडीवर वाढवल्या. लोकांनी तेलाचे डबे नेले, साखर नेली, पेट्रोलला रांगा. टीव्हीवरचा माणूस ओरडून सांगत होता की शत्रूचं बंदर उडवलं, राजधानी पडायला आली. पोरं हॉटेलात भजी खात शिट्ट्या मारत होती.

अप्पांनी फळ्यावर लिहिलं, 'बंदराबद्दल : टीव्ही उडाले म्हणतो. रेडिओ काही म्हणत नाही. वाट पाहू.' दुसऱ्या दिवशी, 'बंदर जागेवर आहे, असे समजते.'

एक जण हॉटेलातून ओरडला, "अप्पा, तुमी हायत तरी कुणाच्या बाजूनं?"

"आपलेच पोरं हायत तिकडं," अप्पा म्हणाले, "मनून तर इचारून रायलो."

इंदरबाई रोज सकाळी दुधाच्या टेम्पोत बसून यायची. बालाजीचा फोन तीन दिवस लागत नव्हता. घरी टीव्ही होता, फोन होता, पण ती दहा-बारा किलोमीटर येऊन फळा वाचायची आणि आल्या टेम्पोनं परत जायची. अप्पा तेवढ्या वेळात उगीच ड्रॉवरमधले स्क्रू वेचत बसायचे. मला म्हणाले, "टीव्हीवाल्याला हे संपलं की दुसरा कार्यक्रम हाय. तिला काय हाय?"

चौथ्या दिवशी ती आली नाही. त्या दिवशी अकराच्या सुमारास माझ्या फोनवर फोटो आला. वर्दीतला बालाजी, भोवती हार, खाली दोन पणत्या : 'धोंडवाडीचे वीर जवान बालाजी जाधव शहीद. भावपूर्ण श्रद्धांजली.' तो कुणी केला ते आजपर्यंत कळलेलं नाही. मी त्याला कडेवर बघितलेला. डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि त्या पाण्यातच मी तो फोटो आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर पाठवला, हात जोडलेले लावून. मुडदा बशिवला त्या फोनचा! पण फोनला शिव्या देऊन काय, बोट माझंच होतं. अप्पांच्या शेजारी इतकी वर्षं बसूनही माझं बोट थांबलं नाही.

डोळे पुसत मी पलीकडं गेले. "अप्पा, बालाजी गेला."

"कुणी बघितलं?"

"फोटो आलाय."

"फोटू कोन काढला, कुटं काढला, तेला हार कोन घातला?" मग माझ्या तोंडाकडं बघून हळू आवाजात, "तू पुढं पाठवलीस?"

"बचत गटाला."

"तेच्यात धोंडवाडीची कोन हाय?"

अश्विनीची चुलत सासू होती. ते ध्यानात आलं आणि मी तिथंच स्टुलावर बसले. अप्पा रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत. त्यांचा चेहरा मी एकदाच तसा बघितला होता, सव्वीस वर्षांपूर्वी. म्हणाले, "त्याच घरात, सुमन. परत त्याच घरात."

मग त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. निलंग्याचे एक निवृत्त सुभेदार, त्यांच्याकडून आणखी एकाचा नंबर, शेवटी लातूरचं सैनिकांचं ऑफिस. तिथला माणूस म्हणाला, आमच्याकडं असा कुठलाही निरोप आलेला नाही. जिवंत आहे का? तेही सांगता येत नाही. अप्पांनी खडू बुडवला आणि लिहिलं, 'धोंडवाडीचे जवान बालाजी जाधव यांच्याबद्दल लातूरच्या ऑफिसकडे कोणताही निरोप नाही. आज दुपारी साडेबारा वाजता विचारले.'

तेवढ्यात दिगंबरभाऊ आले. मागं पंधरा-वीस पोरं, एकाच्या खांद्यावर फ्लेक्सची गुंडाळी. छापूनसुद्धा झालं होतं! एकाच फ्लेक्सवर बालाजीचा फोटो बोटभर आणि भाऊंचा हातभर.

"अप्पा, चार वाजता चौकात श्रद्धांजली सभा. फळ्यावर मोठ्ठं लिवा."

"निरोप आलेला न्हाई भाऊ."

"सगळ्या मोबाईलवर आलंय की!"

"मोबाईलवर आलंय, घरी आलेलं न्हाई. ते फ्लेक्स इथं ठिवा माझ्यापाशी, मी सांभाळतो."

"शहिदाचा अपमान करून रायलाव तुमी," मागचा एक जण ओरडला. "असल्या लोकाला तिकडंच पाठवाय पाहिजे." आणि त्यानं हॉटेलातली पाण्याची बादली आणून फळ्यावर ओतली, फडक्यानं खसाखसा पुसला. अक्षरांचं पांढरं पाणी अप्पांच्या धोतरावर उडालं. भाऊ बघत राहिले, थांबवलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. माझा आवाज असा चढला की पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला असेल. अप्पांनी मला हातानं थांबवलं, फळा वाळेपर्यंत लातूरला पुन्हा फोन लावून विचारलं आणि तीच ओळ पुन्हा लिहिली, खाली वेळ बदलून : दुपारी एक वाजता. "पुसा की," ते पोरांना म्हणाले, "खडू लई हायत." भाऊ पोरांना घेऊन निघाले, फ्लेक्सची गुंडाळी तिथंच राहिली.

मग माझ्याकडं वळले. "तू धोंडवाडीला जा."

"कोणत्या तोंडानं जाऊ, अप्पा?"

"तोंड कुटलंबी चालतंय. फळ्यावर काय हाय तेवढंच सांगायचं. जास्त न्हाई, कमी न्हाई."

मी स्कूटी काढली. ऊन मी म्हणत होतं. वाटेत मनाशी घोकत होते, निरोप नाही, निरोप नाही, आणि डोक्यात दुसरं चाललं होतं, खरंच असेल तर?

घरापुढं बायांचा गराडा. रडणं लांबूनच ऐकू येत होतं. ग्रामपंचायतीनं ठराव केलाय, विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. ठराव भिंतीवर रंगवलेला होता आणि त्याच भिंतीखाली चुलत सासूनं अश्विनीचं मनगट धरलं होतं. दगड आणून ठेवलेला. अश्विनी रडतसुद्धा नव्हती, नुसती बघत होती. त्या बांगड्या मी भरलेल्या होत्या, चैत्रात.

इंदरबाई अंगणातल्या चुलीपाशी बसली होती. तिनं मला गर्दीतून बघितलं आणि उठून उभी राहिली.

"सुमनबाई," तिनं विचारलं, "फळ्यावर आलंय का?"

"न्हाई," मी म्हणाले. "अप्पांनी लातूरला विचारलं. कोणताही निरोप न्हाई, असं लिवलंय. जिता हाय असंबी कुणी सांगितलं न्हाई. पण निरोप न्हाई."

"अप्पानं सोता लिवलंय?"

"दोनदा. एकदा लोकांनी पुसलं, मनून परत लिवलं."

इंदरबाई गराड्यात शिरली. चुलत सासूच्या हातातून सुनेचं मनगट सोडवलं, दगड उचलला आणि लांब रस्त्यावर भिरकावला. "फळ्यावर आलेलं न्हाई," ती म्हणाली. "माझ्या सुनंच्या हाताला कोनी हात लावायचा न्हाई. रडायचं आसंल तर आपापल्या घरी जाऊन रडा." मग सुनेचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ती उंबऱ्यावर बसली. मला म्हणाली, "न्हाई मंजे जिता हाय असं न्हाई, एवढं कळतंय मला. पण बघितल्याबिगर मी दुसऱ्यांदा मानायची न्हाई."

ती पूर्ण दुपार, पूर्ण संध्याकाळ तशीच बसून होती. मी जाऊन माझी चूक कबूल केली. तिनं ऐकलं, मान हलवली, पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बालाजीचा फोन आला. त्यांचे फोन जमा करून घेतले होते, एवढंच. इंदरबाई पहिल्याच टेम्पोनं आली आणि थेट अप्पांसमोर उभी राहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

"बोलला अप्पा. आवाज ऐकला मी."

"कुणाचा आवाज वळखू आला? काय बोलला?"

मी कपाळाला हात लावला. अहो, आई आहे ती! पण इंदरबाई रागावली नाही. "मनला, आई, आंब्याचं लोणचं घातलंस का न्हाई. दुसरं कोन इचारंल?" अप्पांनी लिहिलं, 'जवान बालाजी जाधव यांचा आज सकाळी आईला फोन आला. आईने आवाज ओळखला.' आणि ते पत्र्याकडं तोंड करून उभे राहिले, बराच वेळ. मी पलीकडून ऐकलं. म्हातारा हुंदके देत होता.

चौकोन मात्र मोकळा ठेवला होता. त्यांनी मला हाक मारली आणि खडू पुढं केला. "फळ्यावर माझ्या चुका मी लिवतो. ही तुझी हाय." मी लिहिलं, माझ्या नावानिशी, भर बाजारात. दिवसभर लोक वाचत होते. लाज वाटली का? वाटली. आणि संध्याकाळी बरंही वाटलं. दिगंबरभाऊंची चूक कुणीच कुठं लिहिली नाही, ते त्या आठवड्यात तिरंगा यात्रेच्या पुढं होते.

अप्पा पावसाळ्यात खंगले. दम लागायचा, हात कापायचा. काकी घरी बसा म्हणायच्या, ते रिक्षा करून यायचे. कधी दोनच ओळी, कधी नुसता चौकोन : 'आढळली नाही.' दिवाळीच्या थोडं आधी बालाजी सुट्टीवर आला. आईला आणि बायकोला घेऊन दुकानात आला, अप्पांच्या पाया पडला. दणकट, काळासावळा पोरगा. अप्पांनी ती फ्लेक्सची गुंडाळी मागच्या फळीवरून काढून त्याला दिली. त्यानं उलगडून बघितली आणि खो खो हसला. "अप्पा, माझा फोटू लईच बारका छापलाय की!" अश्विनी हसली नाही. तिनं फ्लेक्स त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि पिशवीत खाली दडपला. तिच्या हातात मी आदल्या बाजारीच भरलेला हिरवा चुडा होता.

अप्पा बालाजीकडं बघत राहिले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. त्याच्या दंडाला हात लावून बघितला. मग भिंतीला धरून उठले, खडू वाटीत बुडवला आणि फळ्याकडं गेले. मी त्यांना पाठमोरं बघत होते. धोतराचा सोगा एका हातात, दुसरा हात फळ्यावर. एकेका अक्षराला थांबत होते. इंदरबाई त्यांच्या मागं उभी राहून, पहिल्यापासून वाचायची तशीच, अक्षर जुळवत मोठ्यानं वाचत होती.

'धोंडवाडीचे बालाजी जाधव घरी आले.'

अप्पा थांबले. ओळ संपली असं वाटून मी आत वळणार होते. त्यांनी खडू परत बुडवला आणि खाली आणखी दोन शब्द लिहिले. इंदरबाईनं तेही वाचले.

'मी बघितलं.'